चार गॉब्लिन आणि पहिल्या लेव्हलची पार्टी: एका ॲम्बुशचं पूर्ण गणित

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट जगायचा खेळ, त्याच्या पाचव्या एडिशनचा स्टार्टर सेट २०१४ च्या जुलैत आला, त्यात ६४ पानांचं तयार ॲडव्हेंचर होतं, लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर, आणि जगभरात कितीतरी लोकांनी आयुष्यातला पहिला फासा त्याच्यासाठी टाकलाय. ज्यांना हे अजून प्लेअर म्हणून खेळायचंय त्यांनी इथेच थांबा, कारण पुढे सगळं फोडून सांगणार आहे. बाकीच्यांसाठी: नेव्हरविंटरहून फँडालिनकडे बैलगाडीतून सामान न्यायचंय, ट्रायबोअर ट्रेलवर वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण, दोन्ही बाजूला चढ आणि दाट झुडपं, आणि झुडपांत चार गॉब्लिन, बुटके लुटारू राक्षस. एवढंच. अख्ख्या कॅम्पेनची पहिली मारामारी.

हाच एनकाउंटर, म्हणजे मॉन्स्टरशी पडलेली ही गाठ, मी केस म्हणून घेतोय कारण मॉन्स्टर किती अवघड ठेवायचा या प्रश्नातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट यात सापडते, आणि आकडे इतके छोटे आहेत की सगळं हाताने करून बघता येतं.

आधी पुस्तकाचा हिशोब. २०१४ च्या नियमांत गॉब्लिनचा चॅलेंज रेटिंग, म्हणजे अवघडपणाचा आकडा, पाव, आणि त्याचे ५० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. चार गॉब्लिन म्हणजे २००. पण मॉन्स्टर तीन ते सहा असले की एकूण एक्सपीला दोनने गुणायचं, म्हणजे हिशोबासाठी ४००. आता पहिल्या लेव्हलच्या एका कॅरेक्टरमागे इझी २५, मीडियम ५०, हार्ड ७५, डेडली १००. चार जणांची पार्टी, म्हणजे प्लेअरांचा गट, असेल तर डेडलीची रेघ बरोबर ४०० वर येते, म्हणजे नव्या लोकांची पहिली मारामारी पुस्तकाच्याच कोष्टकाप्रमाणे डेडली, एखाद-दुसरं कॅरेक्टर मरू शकतं अशा खणात. पाच प्लेअर असतील तर डेडली ५०० वर जाते, हार्ड ३७५ वर, म्हणजे तेच चार गॉब्लिन आता हार्ड. सहा असतील तर मोठी पार्टी म्हणून गुणायचा आकडा पण एक पायरी खाली येतो, दीड होतो, ४०० चे ३०० होतात आणि सहा जणांचा मीडियम बरोबर ३००. डेडली, हार्ड, मीडियम, आणि गॉब्लिनांच्या बाजूला एक केस पण इकडची तिकडे झालेली नाही. सेटमध्ये तयार कॅरेक्टर पाच आहेत आणि ॲडव्हेंचर चार-पाच जणांसाठी म्हणून लिहिलंय, त्यामुळे आयत्या वेळी एक जण "आज जमत नाहीये रे" म्हणाला की डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) न कळता अख्खी पायरी बदललेली असते.

आणि मग २०२४ चं नवीन डंजन मास्टर्स गाइड. त्यात गुणायची भानगडच काढून टाकली, पायऱ्या पण तीनच ठेवल्या, लो, मॉडरेट, हाय, पहिल्या लेव्हलला माणशी ५०, ७५ आणि १००. चार जण, लो २००. चार गॉब्लिन, २००. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जे डेडली होतं ते आता लो! आणि नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला गॉब्लिन वॉरियर उलट जास्त चिवट आहे, जुन्याचे ७ हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), याचे १०. हे वाचून लोक भांडतात की कुठलं कोष्टक चुकीचं, पण मला वाटतं दोन्ही एकाच घटनेचे दोन वेगळे फोटो आहेत आणि मधल्या नियमांत काय बदललं ते बघितलं की उलगडतं.

बदललं ते मुख्यतः सरप्राइज. २०१४ मध्ये गॉब्लिन दबा धरून बसले आणि त्यांचा स्टेल्थ (लपण्याचा फासा) तुमच्या पॅसिव्ह परसेप्शनच्या (आपोआप लक्षात येण्याच्या आकड्याच्या) वर गेला तर पहिल्या राउंडला तुम्ही हलायचं पण नाही, नुसतं उभं राहून मार खायचा. २०२४ मध्ये सरप्राइज झालेल्याला फक्त इनिशिएटिव्हवर, म्हणजे कोणाचा टर्न आधी ते ठरवणाऱ्या फाशावर, डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान घ्यायचा), टर्न मिळतोच. गॉब्लिनचा स्टेल्थ +६ आहे, पहिल्या लेव्हलची माणसं पॅसिव्ह १० ते १४ च्या आसपास, म्हणजे जुन्या नियमात बहुतेक वेळा निम्मीअधिक पार्टी पहिला राउंड गमावणार हे धरूनच चालायचं. आणि हा फुकटचा राउंड दोन्हीकडच्या कुठल्याच कोष्टकात मोजला जात नाही.

आता तो दोनने गुणायचा प्रकार का होता ते सांगतो, कारण तो काढला तरी त्यामागचं कारण कुठे गेलेलं नाही. समजा पार्टी दर राउंडला एक गॉब्लिन मारते. दोन असतील तर पहिल्या राउंडला दोन हल्ले, दुसऱ्याला एक, एकूण तीन. चार असतील तर चार अधिक तीन अधिक दोन अधिक एक, दहा. आठ असतील तर छत्तीस. गॉब्लिन दुप्पट केले की मार साडेतीनपट होतो. लँचेस्टर नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १९१६ मध्ये लढाईतल्या सैन्यांसाठी असाच वर्गाचा नियम मांडला होता आणि आपल्या टेबलावर पण तोच चालतो. उलट बाजूने एकटा मोठा मॉन्स्टर कागदावर भारी दिसला तरी त्याची गत कबड्डीत सात जणांच्या कोर्टात शिरलेल्या रेडरसारखी होते, तो एकदा हात मारतो आणि त्यावर चौघे मिळून त्याचा पाय धरतात. म्हणून डीएम लोकांचं "माझा बॉस दोन राउंडात मेला" आणि "माझ्या किरकोळ गॉब्लिनांनी सगळ्यांना झोपवलं" हे दोन्ही रडगाणं एकाच कारणाने येतं.

बरं, आता मार नेमका कोणाला लागतो. हल्ल्याला वीस बाजूंचा फासा टाकतात, गॉब्लिनचा त्यावर +४, डॅमेज १डी६+२, म्हणजे सहा बाजूंचा एक फासा अधिक २. समोर चेनमेल आणि ढालवाला क्लेरिक (पुजारी-योद्धा), एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १८, तर गॉब्लिनला १४ किंवा वर लागतो, ३५ टक्के. समोर बिनचिलखताचा विझर्ड (जादूगार), एसी १२, तर ८ किंवा वर, ६५ टक्के. विझर्डचे हिट पॉइंट ८ धरा. दोघा गॉब्लिनांनी साधे दोन बाण त्याच्यावर मारले तर तो पडायची शक्यता जवळपास निम्मी येते. आणि लपून मारले, म्हणजे ॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तर तीच शक्यता पाऊणच्या थोडी वर जाते. विझर्डने अजून तोंड पण उघडलेलं नाही आणि चारातल्या तीन वेळा तो जमिनीवर! तेच दोन बाण क्लेरिकवर मारले असते तर एकदोन ओरखडे. म्हणजे चार गॉब्लिन किती अवघड हा प्रश्न बराचसा डीएमने बाण कुणावर सोडला इथे ठरतो, आणि ते पुस्तकात लिहिलेलं नाही. पुस्तक एवढंच सांगतं की दोन धावत येऊन जवळून मारतील आणि दोन पार्टीपासून तीस फुटांवरून बाण सोडतील.

आता प्रत्यक्ष. ही आमच्या टेबलावरची मारामारी, २०१४ चे नियम, चार प्लेअर: फायटर (लढवय्या), क्लेरिक, रोग (इंग्रजीतला rogue, चोरटं कॅरेक्टर) आणि विझर्ड. चौघांपैकी फक्त फायटरवाली आधी खेळलेली.

सेशनच्या आधी मी वहीत चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. एक, गॉब्लिनांना काय हवंय: गाडीतलं सामान, खून नको. दोन, बाणवाले कुणाला मारतील: जो घोड्यांच्या सगळ्यात जवळ जाईल त्याला, कारण आमिष तिथेच लावलंय. तीन, पळणार कधी: निम्म्याहून जास्त पडले की. चार, पार्टी हरली तर काय. ही चौथी ओळ पुस्तकातच आहे आणि माझ्या मते त्या पानावरची सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे: गॉब्लिन जिंकले तर ते कॅरेक्टरांना बेशुद्ध टाकून, गाडी आणि खिसे साफ करून आपल्या गुहेकडे निघून जातात. मारत नाहीत. ज्याने हे लिहिलं त्याला कोष्टक डेडली दाखवणार हे पक्कं माहीत असणार, म्हणून त्याने गॉब्लिन कमी न करता हरण्याची किंमत कमी केली. सगळ्यांचे कॅरेक्टर मेले आणि नवीन शीट भरा यात, आणि शुद्धीवर आलो तर गाडी गायब, आता त्या चोरांचा माग काढा यात, जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुसरीतून उलट जास्त चांगली गोष्ट सुरू होते.

गॉब्लिनांचा स्टेल्थ मी सगळ्यांचा मिळून एकच टाकला, ९ पडला, +६ म्हणजे १५. पार्टीत सगळ्यात जास्त पॅसिव्ह क्लेरिकचा होता, १३. सगळेच सरप्राइज. फायटर आणि रोग घोडे बघायला पुढे गेले होते, विझर्ड बैलांचा कासरा धरून गाडीवर, क्लेरिक त्याच्या शेजारी.

पहिला बाण रोगला, लागला, ७ डॅमेज, ९ चे २ उरले. दुसरा फायटरच्या ढालीवर. खालचे दोघे झुडपातून उड्या मारत गाडीशी आले, एकाने क्लेरिकवर वार केला तो चिलखतावरून घसरला, दुसऱ्याने विझर्डला ६ मारले, ८ चे २ उरले. बाकी कुणालाच टर्न नाही. टेबलावर एकदम शांतता, फायटरवालीने माझ्याकडे असं बघितलं की हे नक्की बिगिनर ॲडव्हेंचरच आहे ना.

दुसरा राउंड, इनिशिएटिव्हमध्ये रोग पहिली. तिला पळून जायचं होतं, २ हिट पॉइंटवर कोण उभं राहील, पण मग तिने शीट वाचली: शत्रूच्या शेजारी आपलं माणूस उभं असेल तर स्नीक ॲटॅक, म्हणजे जास्तीचं डॅमेज, लागतो. बाणवाल्या गॉब्लिनांजवळ आपलं कुणीच नव्हतं, गाडीजवळच्या गॉब्लिनाशेजारी मात्र क्लेरिक होता. तिने वळून तिकडे बाण मारला, लागला, ९ डॅमेज, एक गॉब्लिन संपला.

मग विझर्ड. त्याच्याकडे स्लीप होतं, झोपवायचा स्पेल. जुन्या नियमात स्लीपला सेव्ह, म्हणजे टाळायचा फासा, नाही, ५डी८ टाकायचे आणि वीस फुटांच्या घेरात ज्याचे हिट पॉइंट सगळ्यात कमी त्याच्यापासून एकेकाला झोपवत जायचं, बेरीज संपेपर्यंत. सरासरी साडेबावीस, गॉब्लिन सातचा, म्हणजे साधारण तीन गॉब्लिन एका स्पेलमध्ये.

"माझ्याजवळच्याला पण घेतो ना मग घेरात," तो म्हणाला.

"घे, पण सगळ्यात कमी हिट पॉइंट कुणाचे आहेत बघ एकदा."

"...माझे. मीच पहिला झोपणार?"

"हो. आणि घोड्यांपर्यंत घेर गेला तर ती रोग पण."

मग त्याने बराच वेळ नकाशावर बोट फिरवलं आणि शेवटी स्पेलचा मध्य बाणवाल्यांच्याही मागे झाडीत धरला, म्हणजे ते दोघे घेरात आणि आपलं कुणी नाही. पडले २१, दोघे चौदात आडवे, वरचे ७ वाया. गाडीशी एकटाच उरला, आणि माझ्या वहीत लिहिल्याप्रमाणे निम्म्याहून जास्त पडले होते. गॉब्लिनला बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे टर्नमधल्या जास्तीच्या कृतीत, डिसएंगेज करता येतं, मार न खाता निसटता येतं, मग डॅश मारून साठ फूट, झाडीत गायब. फायटर आणि क्लेरिकला अख्ख्या मारामारीत एकही टर्न मिळाला नाही.

दोन राउंड. कुणी पडलं नाही. कागदावर बघितलं तर डेडली एनकाउंटर आरामात जिंकला, पण दोन कॅरेक्टर दोन-दोन हिट पॉइंटवर होती आणि विझर्डला सहाच्या जागी आठ लागले असते, म्हणजे त्या एका डी६ वर चाराऐवजी सहा पडला असता, तर स्लीप टाकायला माणूसच उरला नसता. मग फायटर आणि क्लेरिकला तीन गॉब्लिन हाताने मारावे लागले असते, आणि +५ आणि १डी८+३ वाली तलवार एसी १५ च्या, ७ हिट पॉइंटच्या गॉब्लिनाला एका वारात मारायची शक्यता साधारण ३६ टक्के, म्हणजे तिनातून एकदा. पाच-सहा राउंड सहज चालली असती. पहिल्या लेव्हलचा खरा स्वभाव हा आहे: सरासरी कितीही नीट काढा, दोन्ही टोकं इतकी लांब आहेत की एका फाशाने चित्र उलटं होतं. पाचव्या लेव्हलला हेच चार गॉब्लिन टाकले तर कुणी मान वर करून बघणार नाही.

यातून मला जे पटलंय ते स्पष्ट सांगतो. अवघडपणा मापायचा असेल तर जिंकायची शक्यता किती याआधी हरल्यावर काय होणार ते ठरवा, आणि ते फासे पडायच्या आधी ठरवा. कारण ते ठरलेलं असलं की फाशांशी खोटं बोलायची गरज पडत नाही. मला माहितीये बरेच डीएम पडद्यामागे हिट पॉइंट कमी-जास्त करतात, क्रिट (फाशावर २० पडल्यावरचा जबर फटका) गिळून टाकतात, आणि प्रेमाने करतात, पण त्या रोगवालीने २ हिट पॉइंटवर उभं राहून शीट वाचली आणि बरोबर गॉब्लिन निवडला, त्या विझर्डने घेर मागे सरकवला, हे त्यांचं कर्तृत्व आहे. मी मागून सावरून घेणारच असेन तर त्यांनी कशाला डोकं लावायचं? फिरवायचेच असतील तर फासे न फिरवता फिरवता येण्यासारखं खूप आहे. चारातले दोघे दुसऱ्या राउंडला उगवू देत. बाण चिलखतवाल्यावर जाऊ देत, त्यालाही मार अडवायला मजा येते. गॉब्लिन लुटालुटीत टर्न घालवू देत, एखादा पोतं उचलून पळू दे. अवघड करायचं असेल तर उलटं: बाण मारून बोनस ॲक्शनमध्ये परत लपायचं, पुढच्या टर्नला पुन्हा ॲडव्हान्टेज, आणि पार्टीला चढावर पळता भुई थोडी होईल. स्टॅट तेच, एक्सपी तेच. १९८७ मध्ये ड्रॅगन मासिकात रॉजर मूरने टकर नावाच्या डीएमच्या कोबोल्डांवर संपादकीय लिहिलं, क्षुल्लक कोबोल्ड डावपेचांच्या जोरावर भल्याभल्या वरच्या लेव्हलवाल्यांना पळवून लावतात, ते आजही लोक सांगतात त्याचं कारण हेच.

आणि पळून जाण्याचा नियम तर आपण उगाच विसरलो. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये प्रत्येक मॉन्स्टरला मोराल, म्हणजे हिमतीचा, आकडा होता, गॉब्लिनचा ७, राजा सोबत असेल तर ९, दोन डी६ टाकायचे आणि आकड्याच्या वर गेलं की ते पळतात किंवा शरण येतात. भेटल्यावर ते हल्ला करतील की बोलतील याला पण वेगळा फासा होता. तेव्हा एनकाउंटर समतोल ठेवायची कुणाला फारशी पडलीच नव्हती, पण प्रत्येक मारामारीला मधूनच सुटायची दारं होती. चॅलेंज रेटिंग २००० मध्ये तिसऱ्या एडिशनबरोबर आला, आकडे नेटके झाले आणि हळूहळू दोन्ही बाजू शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढणार हे गृहीत धरलं जायला लागलं. दोन डी६ चा तो फासा मी पाचव्या एडिशनमध्ये पण वापरतो, काहीही बिघडत नाही.

आता त्याच ॲडव्हेंचरमधली पुढची पायरी, कारण तिथे कोष्टकाची दुसरी बाजू दिसते. गॉब्लिनांचा माग काढत गेलं की गुहा लागते आणि आत त्यांचा म्होरक्या क्लार्ग, एक बगबेअर, गॉब्लिनांचा धिप्पाड भाऊबंद. बगबेअरचा चॅलेंज रेटिंग १, २०० एक्सपी, एकटा धरला तर चार जणांना बरोबर मीडियम. म्हणजे चार गॉब्लिनांपेक्षा दोन पायऱ्या सोपा! पण त्याचा एक फटका २डी८+२, सरासरी ११, आणि बेसावध गाठलं तर वर २डी६. पूर्ण ८ हिट पॉइंटचा विझर्ड, त्याला एकाच फटक्यात १६ किंवा जास्त लागले तर डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणारे फासे) वगैरे काही नाही, जागच्या जागी मेला, कारण उरलेलं डॅमेज त्याच्या कमाल हिट पॉइंटएवढं होतं. साध्या फटक्याला, क्रिट सोडून, ती शक्यता ९ टक्क्यांच्या वर आहे. गॉब्लिनच्या साध्या वाराला तशी शक्यता शून्य, त्याचा कमाल वारच ८. कोष्टक सरासरी मोजतं, आणि पहिल्या लेव्हलला माणसं सरासरीने मरत नाहीत, एखाद्याच मोठ्या फटक्याने मरतात. त्यात क्लार्ग गुहेत एकटा नसतोच, सोबत लांडगा आणि दोन गॉब्लिन आहेत, ३५० ला दोनने गुणून ७००, डेडलीची रेघ ४०० वर.

म्हणून क्लार्गसाठी मी वहीत वेगळ्या ओळी लिहिल्या. त्याचा पहिला फटका विझर्डवर नाही, समोर जो सगळ्यात मोठा दिसेल त्याच्यावर, तसाही तो स्वतःला राजा समजणारा गडी आहे. लांडगा साखळीला, सुटायला एक राउंड. आणि क्लार्गचे २७ हिट पॉइंट निम्म्यावर आले की तो सौदा करायला तयार, जिवंत जाऊ दिलं तर लुटीतला माल सोडतो. पार्टीला यातलं काही सांगायचं नाही, पण त्या झोपलेल्या दोन गॉब्लिनांपैकी एकाला उठवून त्यांनी नीट विचारलं तर साखळी, लांडगा आणि क्लार्ग केवढा आहे, एवढं तो सांगेल. त्यांनी विचारलं. फायटरवालीने सगळ्यांना आधी शॉर्ट रेस्ट घ्यायला लावली आणि मग विझर्डला स्पष्ट सांगितलं, "आता तू सगळ्यात मागे, आणि मी म्हणेपर्यंत गुहेच्या तोंडाशीच थांबायचं."